बेलभंडाराचं ताट

कार्तिक लागला की चिंचखुट्याच्या बायांच्या लुगड्यांना तिखाडीचा वास यायचा. सोनाळ्याच्या बाजारात त्या भाजी घ्यायला वाकल्या, की भाजीवाली मान वर न करताच म्हणायची, "आल्या वं डोंगराकडच्या!" गुलाबासारखा म्हणावा तर तसा नाही, आल्यासारखा म्हणावा तर तसाही नाही; दोन्हींच्या मधला कुठला तरी तो वास. दोन धुण्यांनी जात नसे. मनकर्णाबाईला त्याचा कोण अभिमान! बाजारातून परतताना ती पदर नाकाशी धरून चालायची आणि बरोबरच्या बाया तिला हसायच्या.

गाव सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. गावामागच्या उतारावर सरकारी चराईची जमीन होती, तिला सगळे ई-क्लास म्हणत. तिखाडी तिथं कंबरेएवढी वाढायची. या गवताचं तेल निघतं, ते अत्तरात आणि साबणात जातं, हे गावाला आज्या-पणज्यांपासून ठाऊक होतं. पण तेल काढायचं ते खानदेशातल्या एका ठेकेदारानं. तो येई, नाल्याकाठी भट्ट्या लावी आणि फुलोरा आलेला असो नसो, दिसेल ते गवत कापून घेई. त्याच्यामागून बकऱ्या शिरत. फाल्गुनात उरल्यासुरल्याला कोणीतरी काडी लावी, कारण जळल्या जागी ढोरांसाठी कोवळे कोंब फुटतात. असं होता होता तिखाडी वर वर सरकत खडकापर्यंत गेली आणि खाली नुसती कुसळं उरली. मग बाया हिवाळाभर खामगावच्या जिनात कापूस ओढायला जाऊ लागल्या. तान्ही पोरं घेऊन जायच्या आणि छातीत कापसाची धूळ भरून परत यायच्या.

मनकर्णाबाईवर जिनात जायची वेळ कधी आली नव्हती. नवरा पंजाबराव गावचा सरपंच, घरी पाण्याचं वावर, दारात दोन बैलजोड्या. पण रुखमाबाई जायची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, एकाच विहिरीवर पाणी भरायला शिकलेल्या. रुखमाबाईचा नवरा लवकर गेला. मागं राहिल्या चार-पाच बकऱ्या आणि एक पडीक तुकडा. त्या वर्षी जिनातून परतलेली रुखमाबाई ओसरीवर बसून खोकत होती. तो खोकला ऐकता ऐकता मनकर्णाबाईच्या डोक्यात काहीतरी शिरलं, आणि संध्याकाळी भाकरी वाढताना ते बाहेर आलं.

"गवत आपल्या डोंगराचं, कापते आपल्या बाया, अन् तेल नेते थो खानदेशी. आपून काऊन नाई काढत?"

"तेल काढनं म्हन्जे पिठलं हाटनं नोहे," पंजाबराव म्हणाला.

"पिठलं तरी कुठी येते तुमाले?"

पंजाबराव खदखदून हसला. माणूस हसरा होता, आणि बायकोच्या तिखट जिभेचं त्याला चारचौघांत कौतुक होतं. त्यानंच तिला ठेकेदाराच्या एका जुन्या भट्टीवाल्याकडे नेलं. मनकर्णाबाईनं माहेरची तांब्याची भांडी मोडून डेग करून घेतली. तिला बांबूची नळी जोडली. नळीचं दुसरं टोक नाल्याच्या थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडलं. डेगीत गवत आणि पाणी, खाली जाळ. वाफ नळीतून जाते, भांड्यात गार होते आणि पाण्यावर पिवळसर तेल तरंगतं. उकळून निघालेलं गवत वाळवलं की तेच दुसऱ्या दिवशीचं सरपण. लाकडाची एक ढपली लागत नसे.

पण गवतच नसलं तर डेग काय कामाची? मनकर्णाबाई घरोघर फिरली. म्हणायची, "आपलं कसंही निघून जाईल, माय. पन पोरीबाळी काय करून खातील? त्याईले बी जिनातच धाडनार का?" तिनं मांडलेलं साधं होतं. उताराचे तीन तुकडे करायचे. दरवर्षी एक तुकडा राखायचा, त्यात विळा घालायचा नाही. उरलेल्या दोनमध्ये फुलोरा लाल झाल्यावरच कापायचं, मुळापासून उपटायचं नाही. आणि तिन्ही तुकड्यांत बकरी नाही, काडी नाही, नांगर नाही.

हे सगळं बोलायला सोपं. गावानं पाळायचं तर बेलभंडार उचलायला हवा, हे सगळ्यांनाच कळत होतं. मारुतीच्या पारावर ताटात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा ठेवायचा, एकेका घरातल्या पुरुषानं तो उचलून कपाळाला लावायचा आणि शब्द द्यायचा. असा दिलेला शब्द त्या भागात कोणी मोडल्याचं ऐकिवात नव्हतं. त्याच्यापुढं कागद म्हणजे पोरखेळ.

पण मनकर्णाबाई पारावर अडून बसली. "विळा बाईच्या हाती, बकरी बाईच्या हाती, अन् भंडार मानसाच्या हाती, हे कसं जमंल? बाया बी उचलतीन."

वयस्क जानराव बुवांनी नाक मुरडलं. "घराचा हात एक असते, बाई."

"उचलू द्या हो बुवा," पंजाबराव हसून म्हणाला. "बायाईचे हात काय झिजते का?"

ताट त्यानंच धरलं होतं. सरपंच तो, आणि पूर्वापार ताट धरायचा मान त्याच्याच घराण्याचा. दोन्ही हातांनी ताट छातीशी धरून तो उभा राहिला आणि अख्खं गाव एकेक करून त्याच्यासमोर वाकलं. आधी पुरुष, मग बाया. रुखमाबाईनंही उचलला. दुसऱ्याच बाजारी तिनं सगळ्या बकऱ्या विकून टाकल्या. "बांधून किती ठेवू?" ती म्हणाली. "बकरी हाय, तिले शपथ समजत नाई."

तीन हिवाळे चांगले गेले. चांगले म्हणजे अगदी स्वर्ग नव्हे. पहिल्या वर्षी तेल करपलं, दुसऱ्या वर्षी कुणाच्या बैलानं राखीव तुकड्यात तोंड घातलं म्हणून पारावर मोठं भांडण झालं. पण खामगावच्या जिनाकडे गावातून एकही बाई गेली नाही. रुखमाबाईचा खोकला कमी झाला. खालचा तुकडा, जो सगळ्यात आधी राखला होता, त्यात पाय घातला तर माती चपलेला चिकटेल अशी भुसभुशीत झाली. एकदा तिथं उभं राहून मनकर्णाबाई नवऱ्याला म्हणाली, "पाहा, डोंगरानं कात टाकली." तोही बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "माती मोठी चांगली झाली वं."

त्या माघात चार माणसं साखळी आणि खांबुल्या घेऊन आली. डोंगरावर नालाबांध घालणार आहेत म्हणून मोजणी, असं पंजाबरावानं घरात सांगितलं. मनकर्णाबाईला आनंदच झाला. बांध घातला तर नाल्याला उन्हाळ्यापर्यंत पाणी राहील. तिनं त्यांना वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली, नको नको म्हणत असताना लोण्याचा गोळा ठेवला. त्यांच्यातला एक म्हणाला, "काकू, गवत लयच दाट ठेवलं हो तुम्ही."

झालं, मनकर्णाबाईची कळी खुलली. कोणता तुकडा कधी राखला, कुठं पाणी मुरतं, कुठं खडक वर आहे, माती सगळ्यात खोल कुठं, हे तिनं हात हलवून हलवून सांगितलं. त्या माणसानं भाकरी खाता खाता बारीक बारीक विचारलं आणि तिनं त्याहून बारीक सांगितलं. पंजाबराव शेजारीच बसला होता. तो खाली मान घालून जेवत होता, एवढंच तिला नंतर आठवलं.

वैशाखात एका सकाळी ती विहिरीवर गेली, तर बाया बोलता बोलता गप्प झाल्या. एकीनं घागर अर्धीच भरून उचलली. मनकर्णाबाईनं विचारलं, "काय झालं वं? कोनी मेलं का?"

रुखमाबाई तिच्याकडे वळली. "तुले मालूम नाई?"

"काय?"

"वर जाऊन पाह्य."

वर जावं लागलं नाही. तेवढ्यात आवाज आला. गावानं ट्रॅक्टर याआधी एकदाच पाहिला होता, तोही रस्त्यावरून जाताना. आता तो खालच्या तुकड्यात होता. मनकर्णाबाई धावत चढली तोवर त्यानं नांगराचे कितीतरी तास पाडून टाकले होते. तिखाडीचे गड्डे मुळं वर करून पडले होते, आणि उलट्या मातीतूनही तोच वास येत होता, कार्तिकात येतो त्याहून कितीतरी उग्र. ती एका गड्ड्याशी बसली. उचलून तो परत मातीत खोचायला पाहत होती. ट्रॅक्टरवाल्यानं यंत्र थांबवलं आणि म्हणाला, "बाजूले व्हा काकू, लागंल."

पंजाबराव घरी ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. जानराव बुवाही तिथंच होते.

"हे काय होय?" मनकर्णाबाई दारातूनच म्हणाली. "कोनाच्या हुकमानं?"

"पंचायतीचा ठराव हाय," पंजाबराव म्हणाला. "हायब्रीड ज्वारीच्या बियाण्याचे प्लॉट पाडून राह्यले. सोसायटी बियाणं देते, खत देते, अन् पिकलं तं घेऊन बी जाते. पाच गावं मांगून राह्यली होती. मी आपल्या गावाले आनले."

"अन् तिखाडी?"

"अवं, गवतावर ढोर जगते. मानूस नाई जगत." तो समजावणीच्या सुरात बोलत होता, आणि तेच तिला सहन होईना. "दुनिया कुठी चालली, पाह्य जरा. एका कणसाले पसाभर दाने लागते. पोट्ट्याईले आता थेच पायजे. तुया डेगीचं अत्तर लावून कोनी पोट भरलं का?"

"तीन साल भरलं. जिनात कोनी नाई गेलं, हे तुमाले दिसलं नाई?"

"दिसलं. म्हनून तं माती चांगली झाली." तो थांबला. बोलायला नको ते बोललो, असं त्यालाही वाटलं असावं.

माघातलं भरीत, लोण्याचा गोळा, आपले हलणारे हात, सगळं मनकर्णाबाईच्या डोळ्यांसमोर आलं. माती कुठं खोल आहे ते तिनंच दाखवलं होतं. ट्रॅक्टर बरोबर तिथूनच सुरू झाला होता.

"बांध म्हनून सांगतलं तुमी मले."

"बांधबी होईन."

"अन् बेलभंडार?" तिचा आवाज चढला. "साऱ्या गावासमोर उचललेला? नांगर घालनार नाई म्हनून?"

पंजाबरावानं अडकित्ता खाली ठेवला. "मी कुठी उचलला?"

तिला आधी कळलंच नाही.

"माया हातात ताट होतं," तो म्हणाला. "दोन्ही हात ताटाले. आठव बरं. साऱ्याईनं उचलला, मी नाई उचलला. मी धरून उभा होतो."

तिनं जानराव बुवांकडे पाहिलं. म्हाताऱ्यांनी हनुवटी खाजवली. गावातली ही शपथ त्यांनी किती वेळा पाहिली असेल देव जाणे. "बराबर हाय," ते शेवटी म्हणाले. "ताट धरनाऱ्यानं नाई उचललं. आमीबी कोनी म्हनलं नाई. चुकलंच थे आमचं."

"मी उचलला होता! या घरातून मी उचलला!"

"बाईचा हात वरचा असते, बाई," जानराव बुवा हळूच म्हणाले. "मोजनीत नसते. घराचा हात मालकाचा."

मनकर्णाबाई नवऱ्यासमोर गेली. परक्या माणसासमोर ती त्याच्या एवढ्या जवळ कधी उभी राहिली नव्हती. "एक सांगा. ताट धरलं, तव्हाच मनात होतं का?"

"नाई वं," पंजाबराव म्हणाला. तो खरं बोलत होता, असं तिला वाटलं. "तव्हा काईच नोतं मनात. मी आपला उभा होतो. पन आता वाटते, बरं झालं."

त्यानं लबाडीनं ताट धरलं असतं, तर तिला त्याचा राग तरी धड करता आला असता. इतकी वर्षं जेवू घातलेला माणूस समोर बसून सुपारी कातरत होता, आणि त्याच्यात नेमकं काय बदललं हे तिला शोधूनही सापडेना.

पुढच्या चार-आठ दिवसांत तिला आणखी एक गोष्ट पाहावी लागली. गावातले पुरुष पहिले दोन दिवस पंजाबरावाला शिव्या देत होते. मग कोणीतरी म्हणालं, प्लॉट गावाबाहेरच्यांना गेले तर आपण काय तोंड पाहत बसायचं? पण भंडार उचललेला. नांगर घालणार कसा? तेव्हा त्यांनी गुरवाला गाठलं. गुरवानं मारुतीसमोर नारळ फोडले, अंगारा लावला आणि एकेका घराला शब्दातून मोकळं केलं. सगळे पुरुष रांगेनं मोकळे झाले. बायांना कोणी बोलावलं नाही. त्यांचा हात मोजणीत नव्हता, तर मोकळं तरी काय करायचं?

आणि गंमत अशी की बाया तो शब्द पाळतच राहिल्या. नवऱ्यांनी नांगर जुंपले, पण बांधावर भाकरी पोचवायला जाणाऱ्या बाया खालच्या तुकड्यात पाय घालत नव्हत्या. कडेला भाकरी ठेवून, हाक मारून परत फिरत. पुरुष चिडत, थट्टा करत. "काऊन, गवत चावते का?" बाया गावाची वाट धरत.

मनकर्णाबाईशी त्या बोलत नव्हत्या. विहिरीवर ती गेली की तिला जागा देत, ती पाणी काढून जाईपर्यंत थांबत. कुणाच्या घरी हळदीकुंकू असलं तर बोलावणं येई, कुंकू लावत, ओटी भरत, सगळं रीतीप्रमाणं. सरपंचाच्या बायकोला मिळायला हवा तेवढा मान तिला मिळत होता. तीन वर्षांत तो कमी कमी होत गेला होता, आणि तिला ते फार आवडलं होतं. आता तो सगळा परत आला.

असेच काही दिवस गेले. मग एका दुपारी तिनं सालदाराला छकडा जुंपायला लावला. गोठ्यामागच्या छपरातून डेग, नळी, भांडं बाहेर काढवलं. पंजाबराव तेव्हा तालुक्याला गेला होता. खरेदी-विक्री संघाच्या संचालकांत त्याचं नाव येणार, अशी बोलवा होती. तो घरी असता तरी तिनं तेच केलं असतं, असं तिला वाटत होतं. नक्की मात्र तिलाही सांगता आलं नसतं.

रुखमाबाईच्या अंगणात चार-पाच बाया विळ्यांना धार लावत बसल्या होत्या. छकडा पाहून हात थांबले.

"डेग आनली," मनकर्णाबाई उतरून म्हणाली. "वर खडकापाशी तिखाडी हाय अजून. तिथी नांगर चढत नाई. तुमाले लागंल."

"लागंल," रुखमाबाई म्हणाली.

बायांनी उठून डेग उतरवून घेतली. सालदारानं हात लावू नये म्हणून की काय, चौघींनी मिळून ती छपराखाली नेली. मनकर्णाबाई मध्येच उभी.

"मी बी येईन कापायले. मागच्या ओळीत ठेवा मले, कुठीबी."

रुखमाबाईनं विळा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले. "नोको येऊ, मनकर्णा."

"मले काईच मालूम नोतं, रुखमा. देवाशपथ—"

मागं बसलेली एक बाई फिस्सकन हसली.

"नसंल मालूम," रुखमाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी मानते. पन तू चांगली हाय, म्हनून तुले बोलल्याबिगर राह्यवत नाई. कुठी पानी मुरते, कोनता तुकडा राखला, थे तू घरी बोलशीन. अन् तुया घरी कोन जेवाले बसते, थे आमाले ठरवता येत नाई. तुलेबी येत नाई."

"नाई बोलनार."

"नवऱ्यापाशी? जलमभर?" रुखमाबाईनं मान हलवली. "तुले कशाले तरास, अन् आमाले कशाले."

मनकर्णाबाईनं मान खाली घातली. मग उगीच काहीतरी बोलायचं म्हणून, डेगीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "झाकनाले पीठ घट्ट भिजवून लावा. पातळ असलं तं वाफ जाते. अन् जाळ—"

"येते आमाले," रुखमाबाई म्हणाली. "तूच तं शिकवलं."

विळ्यांना पुन्हा धार लागू लागली. मनकर्णाबाई छकड्यात चढून बसली. डेग उतरल्यानं छकडा हलका झाला होता आणि जरा जरा उडत होता. गल्लीच्या तोंडाशी येऊन सालदारानं कासरा आवरला आणि मागं वळून विचारलं, "कुठी घेऊ, मालकीनबाई?"

ती मागं रुखमाबाईच्या अंगणाकडे पाहत होती. तो थोडा थांबला, पुन्हा विचारावं की नाही असं पाहत. तेवढ्यात बैलांनीच माना हलवल्या आणि जोडी आपोआप घराच्या वाटेला लागली.